माझं पेंडिंग ठेवा

खिशातलं शाईचं पेन काढायचं, टोपण फिरवून उघडायचं, चष्म्यावरून निबेकडे एकदा बघायचं, टोपण पुन्हा लावायचं आणि पेन खिशाला अडकवून म्हणायचं, "माझं पेंडिंग ठेवा." दर बुधवारी सव्वाअकराला, दिल्लीच्या मयूर विहारमधल्या एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, हा प्रकार मी पाच-सहा महिने पाहिला. सरकारी कचेरीत उभं आयुष्य काढलेलं असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल. निवृत्त होऊन वर्षं लोटतात, पण घरातल्या भाजीवरही ते शेरा मारल्याशिवाय राहत नाही.

त्यांचं नाव सांगत नाही. त्यांनाही ते आवडणार नाही. मी त्यांना काका म्हणायचे आणि बाकीचा ग्रुप अंकलजी म्हणायचा, तेवढं पुरे.

ग्रुप कसला, तेही सांगते. घरात विसरण्याचा आजार झालेलं कोणी आहे आणि त्याचं सगळं करण्यात ज्यांचा दिवस जातो, अशा सहा-सात जणांचा. मी समुपदेशक. मूळची पुण्याची, नोकरीनिमित्त गुरुग्रामला राहणारी, आणि दर बुधवारी दोन मेट्रो बदलून तिथे पोचणारी. आजारी माणसांना घरी कुणाच्या भरवशावर ठेवणार? म्हणून ती सोबत यायची आणि शेजारच्या खोलीत बसायची. तिथे दोन मदतनीस त्यांच्याकडून मण्यांच्या माळा करून घ्यायच्या, नाहीतर मटार सोलून घ्यायच्या. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक सरकती काचेची खिडकी होती. ती कायम अर्धी उघडी असे.

आमची पद्धत ठरलेली होती. आल्याबरोबर चहा, आणि मग भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर प्रत्येकाच्या नावापुढे पुढच्या आठवड्याचं उद्दिष्ट लिहायचं. नियम तीन. वाक्य 'मी'ने सुरू व्हायला हवं. ते स्वतःसाठी असायला हवं, घरातल्या आजारी माणसासाठी नाही. आणि पुढच्या बुधवारी 'झालं' किंवा 'नाही झालं' असं सरळ सांगता यायला हवं. झालं की हिरव्या पेनाने बरोबरची खूण. "उद्दिष्ट मी ठरवणार नाही, आपण सगळे मिळून ठरवू," हे वाक्य मी दर वेळी म्हणायचे. ते मी इतक्यांदा म्हटलं होतं की मला स्वतःला ते ऐकू येणं बंद झालं होतं.

काका ग्रुपमध्ये आले आणि दुसऱ्याच बुधवारी सगळ्यांची उद्दिष्टं सुधारायला लागले. चाळीस वर्षं कुठल्यातरी मंत्रालयात दुसऱ्यांच्या सहीसाठी मसुदे लिहिलेला माणूस तो. गप्प कसा बसणार? आमच्यात एक पंजाबी आंटी होत्या, त्यांच्या सासूबाई आजारी. त्या म्हणाल्या, "मैं कोशिश करूँगी कि गुस्सा कम करूँ." मी लिहायला लागले, तर काकांनी हात वर केला.

"मैडम, कोशिश तो सरकार भी करती है. काम लिखिए."

आंटी खो खो हसल्या. मग सगळ्यांनी मिळून लिहिलं: 'मी सासूबाईंना ओरडावंसं वाटलं की बाल्कनीत जाऊन दहा मिनिटं उभी राहीन.' पुढच्या बुधवारी आंटी सांगत आल्या की दिवसातून नऊ वेळा उभी राहिले, पाय दुखतायत, पण झालं. काकांनी समाधानाने मान हलवली. खूण त्यांनीच करायला लावली.

सासऱ्याचं, वडिलांचं, नवऱ्याचं करणाऱ्या त्या दमलेल्या माणसांना काकांचं हे मसुदे तपासणं आवडायला लागलं होतं. कुणीतरी आपलं वाक्य इतकं मन लावून वाचतंय, याचंच त्यांना अप्रूप होतं.

काकूंबद्दल सांगायचं राहिलं. काकू त्या काचेपलीकडे बसायच्या, आणि काका नेमक्या काचेला लागून असलेल्या खुर्चीत, त्यांना पाठ दिसेल असे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये असताना काकू गणेशोत्सवाच्या नाटकात मिशा लावून पुरुषाचं काम करायच्या, आणि भांडणात सगळ्या ब्लॉकला पुरून उरायच्या, असं काकाच सांगत. आता त्यांचे शब्द एकेक करून गेले होते. मुलाचं नाव गेलं, नवऱ्याचं गेलं. राहिला एकच, आणि तो दर दोन-तीन मिनिटांनी खिडकीतून यायचा.

"अहो?"

"आहे," काका म्हणायचे.

मान वळवायची नाही, वाक्य तोडायचं नाही. "तीन नंबर में — आहे — 'रोज' काट दीजिए, मैडम, रोज किसी से कुछ नहीं होता." नवीन आलेल्या माणसाला आधी गंमत वाटायची. तासाभराने वाटेनाशी व्हायची. मी एकदा मनातल्या मनात मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. सकाळी दात घासताना, आंघोळ करताना, पोळी तव्यावर असताना हे असंच चालत असणार, हे लक्षात आलं की मोजवत नाही.

तर असा हा सगळ्यांच्या वाक्यांचा डॉक्टर, आणि त्याच्या स्वतःच्या नावापुढचा चौकोन रिकामा. "काका, तुमचं?" विचारलं की पेन निघायचं. "मी..." म्हणून ते थांबायचे. मग म्हणायचे, "तिला रात्रीची झोप लागावी."

"काका, हे काकूंचं झालं. तुमचं सांगा."

"मग माझं पेंडिंग ठेवा."

चौकोनात मी 'पेंडिंग' लिहायचे. ग्रुपमध्ये त्याची चेष्टाही व्हायची. आंटी म्हणायच्या, "अंकलजी, आपकी फाइल तो दबी रह गई." तेही हसायचे.

आता माझी चूक. गुरुग्रामची एक कंपनी आमच्या ग्रुपचा खर्च करायची आणि तिचे लोक पाहणीला येणार होते. बोर्डाचा फोटो पाठवायचा होता. सगळ्या चौकोनांत खुणा आणि एका चौकोनात तीन महिने 'पेंडिंग', हे माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. मी स्वतःला सांगितलं की काकांच्या भल्यासाठीच करतेय. थोडंफार ते खरंही होतं.

त्या बुधवारी मी म्हणाले, "आज आपण सगळे मिळून अंकलजींचं ठरवू."

लोक तुटूनच पडले. इतके दिवस ज्याने आपली वाक्यं दुरुस्त केली, त्याची परतफेड करायची संधी कोण सोडणार? आंटी म्हणाल्या, पिक्चर बघा. वडिलांचं करणारी एक बंगाली दीदी म्हणाली, बागेत बसा. शेवटी वाक्य तयार झालं: 'मी दर शुक्रवारी चार ते पाच एकटा सोसायटीच्या बागेत जाईन.' तेवढ्या तासापुरती मदतनीस बाई आम्ही पाठवणार होतो. सगळ्यांनी हात वर केले. बिनचूक, मोजता येण्याजोगं, 'मी'ने सुरू होणारं वाक्य. काकांना त्यात खोट काढता येईना.

ते बोर्डाकडे बघत राहिले. मागून हाक आली, त्यांनी "आहे" म्हटलं. मग मला मराठीत विचारलं, "सर्वानुमते?"

"सर्वानुमते, काका."

त्यांनी पेन उघडलं, आणि या वेळी टोपण लगेच लावलं नाही. खिशातल्या छोट्या डायरीत ते वाक्य उतरवून घेतलं. मी त्या दिवशी मेट्रोत उभ्याने घरी गेले, आणि मला उभं राहिल्यासारखंही वाटलं नाही.

पुढच्या बुधवारी ते म्हणाले, "गेलो. तास झाला." आम्ही टाळ्या वाजवल्या. आंटींनी खोदून खोदून विचारलं, मग त्यांनी वर्णन केलं. माळ्याने गुलाबाच्या वाफ्यात पाणी सोडलं होतं. बाकावर कुणीतरी लोकर विसरून गेलं होतं, निळी. नंतरच्या आठवड्यात कडुलिंबावर पोपट आले होते, आणि कोपऱ्यातल्या झोपाळ्याची एक साखळी तुटली होती. खूण, खूण, खूण. कंपनीचे लोक आले तेव्हा मी त्यांना काकांचाच चौकोन दाखवला. त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारलं, "अंकल, हाउ डू यू फील?" काका उभे राहिले. "अच्छा लगता है," म्हणाले, आणि मागून आलेल्या हाकेला "आहे" म्हणून खाली बसले. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. कंपनीने सगळ्यांसाठी आपलं नाव छापलेले कॉफीचे मग पाठवले.

काकांचा मग मी स्वतः घेऊन गेले. एक शुक्रवार मोकळा मिळाला होता, म्हटलं बागेतच गाठून देऊ. साडेचारला बागेत पोचले. झोपाळ्याची साखळी तुटलेली होती, माळी होता, काका नव्हते. वाटलं, आज लवकर परतले असतील. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धापा टाकत चढले आणि बेलकडे हात नेला, तेवढ्यात दारामागून ओळखीचा आवाज आला.

"अहो?"

आणि माझ्या डोक्यावरून उत्तर आलं, "आहे."

गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर, खाली वर्तमानपत्र अंथरून काका बसले होते. अंगात स्वेटर, पायांत बाहेर जायचे बूट, गुडघ्यांवर हात. समोरच्या जाळीच्या खिडकीतून खालची बाग अख्खी दिसत होती. वाफा, बाक, झोपाळा, कडुलिंब. मी ते सगळं बघितलं आणि बुधवारची वर्णनं कुठून येत होती ते कळलं.

मदतनीस बाईने दार उघडलं. तिनेच सांगून टाकलं, "अंकल तो यहीं बैठते हैं, मैडम. आंटी बुलाती हैं, जवाब नहीं मिलता तो चप्पल पहनकर ढूँढ़ने निकलती हैं. पहले दिन नीचे तक गए थे, बाग़ के आधे रास्ते से लौट आए."

"बसा," काका मला म्हणाले. "जिना स्वच्छ आहे."

मी वर्तमानपत्राच्या दुसऱ्या टोकाला बसले. कॉफीचा मग दोघांच्या मधे ठेवला. लाज वाटत होती आणि, खरं सांगते, थोडा रागही आला होता. फसवलं गेल्याचा राग. "काका, का नाही सांगितलंत?"

"सगळ्यांनी हात वर केले होते हो. ठराव झाला की झाला. दर बुधवारी तुमचे ते चेहरे... त्या पंजाबी बाई किती खूश व्हायच्या." त्यांनी बुटाची नाडी सारखी केली. "उद्दिष्ट सगळ्यांनी मिळून ठरवलं, मॅडम. त्या सगळ्यांमध्ये मी कुठे होतो, तेवढं मात्र मला सापडलं नाही."

दारामागून हाक आली. त्यांनी उत्तर दिलं.

मी एवढंच विचारलं की तुम्हाला खरंच काय हवंय. बोर्डावर येईल न येईल, ते सोडा.

आणखी दोन हाका झाल्या.

"मला एकदा असं हवंय की तिने हाक मारावी आणि मी उत्तर देऊ नये. एकदाच. कुठे बाहेरबिहेर नको जायला. इथेच, घरात, खुर्चीत बसून. ऐकावं आणि गप्प बसावं." त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. "दिवसातून दहादा मनात येतं. वाटतं, आत्ता या हाकेला नाही. आणि तोंडातून आहे निघून गेलेलं असतं."

"का निघतं, काका?"

"भीती वाटते. उत्तर दिलं नाही आणि ती हाक मारायचीच थांबली तर?"

ते वाक्य ऐकून मला रडू आलं. त्यांनी कॉफीचा मग हातात घेतला, त्यावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि म्हणाले, "चांगला आहे. दाढीचं पाणी घ्यायला होईल."

पुढच्या बुधवारी ते स्वतः उठून बोर्डापाशी गेले. आपल्या नावापुढच्या हिरव्या खुणा त्यांनी ओल्या फडक्याने पुसल्या. "ये सब गलत एंट्री थी," म्हणाले, आणि जिन्याची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. मग लिहिलं, हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून: 'मैं हफ़्ते में एक बार, एक पुकार का जवाब नहीं दूँगा.'

मला वाटलं, आता कुणीतरी नाराज होणार, टाळ्या वाजवून घेतल्या म्हणून. बंगाली दीदी खाली मान घालून बसली होती. शेवटी आंटी नाक पुसत म्हणाल्या, "मैडम, मेरा भी यही लिख दो."

दीदी म्हणाली, "मेरा भी." त्या दिवशी बोर्डावर सहा नावांपुढे एकच वाक्य होतं. तीन नियमांत बसणारं, आणि कंपनीला फोटो पाठवता न येण्यासारखं. मी पाठवलाही नाही.

एका आठवड्यात तिघींचं झालं. आंटींनी तर दोन खुणा मागितल्या. काकांची पाळी आली की पेन निघायचं, निब बघून व्हायची, टोपण लागायचं. "माझं पेंडिंग ठेवा." यावर आता कुणी चेष्टा करत नव्हतं.

थंडी सरली. होळीनंतरच्या एका बुधवारी चहा झाला, गेल्या आठवड्याच्या खुणा करून झाल्या, आंटींचं लिहून झालं, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. पंखा बंद पडल्यावर आधी कळत नाही ना, तसं. मग लक्षात आलं. खिडकीतून हाकच आली नव्हती.

काकू पलीकडे नेहमीच्या जागी होत्या. पुढ्यात मटार होते, हात मांडीवर होते. काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्ची फिरवून काचेकडे तोंड केलं होतं. दीदीचं वाक्य चाललं होतं, पण ते ऐकत नव्हते. मी हळूच विचारलं, "काका, केव्हापासून?"

"रविवारपासून."

"काही झालं होतं का?"

"मी काही केलं नाही हो," ते एकदम मोठ्याने म्हणाले. "प्रत्येक हाकेला उत्तर दिलंय मी. एकही सोडली नाही. तुम्ही बोर्ड बघा, पेंडिंगच आहे."

मी म्हणाले, काका, हे आजारामुळे आहे, तुमच्यामुळे नाही. डॉक्टरही हेच सांगतील. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. मग ते उठले, बोर्डावरचं आपलं वाक्य खोडलं, आणि खाली दुसरं लिहिलं. या वेळी मराठीत. मी त्यांच्या अक्षरातलं वाचलं: 'मी दर पाच मिनिटांनी आहे म्हणेन. हाक आली नाही तरी.'

ते जाऊन बसले, काचेकडे तोंड करून. आम्ही दीदीच्या उद्दिष्टाकडे वळलो, कारण कुठेतरी वळायलाच हवं होतं. मधेच काका म्हणाले, "आहे." पलीकडे काही हललं नाही. थोड्या वेळाने पुन्हा, जरा मोठ्याने, "आहे." तास संपेपर्यंत तसं चाललं. निघताना त्यांनी हिरवं पेन मागितलं आणि आपल्या चौकोनात स्वतः खूण केली. त्यांच्या हातची, स्वतःच्या वाक्यापुढची ती एकच खूण.

महिन्याभरात मुलगा येऊन दोघांना गुरुग्रामला घेऊन गेला. अठराव्या मजल्यावर, त्याच्या फ्लॅटमध्ये. माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटं, आणि अजून एकदाही जाणं झालेलं नाही. फोन केला होता. काका म्हणाले, सगळं छान आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास बाई आहे. "फक्त इथला जिना बरोबर नाही. दार जड आहे, आपोआप बंद होतं. तिथे बसलं तर आवाज आत जात नाही."

"मग बसू नका ना, काका, तिथे."

"नाही बसत," ते म्हणाले. "आहे." ते मला म्हणाले नव्हते. मी आणखी जरा वेळ फोन धरून ठेवला, मग त्यांनीच तो ठेवला.

ग्रुप चालू आहे. काचेजवळच्या खुर्चीत कुणी बसत नाही, असं काही ठरलेलं नाही, पण बसत नाही. बोर्डावरचं काकांचं वाक्य मी पुसलेलं नाही. सुरुवातीला मी नावं वरून खाली वाचत जाते, आणि त्यांच्या नावाशी आले की माझी जीभ अडखळते. गेल्या बुधवारीही अडखळली. तेव्हा मराठीचं दुसरं अक्षर न येणाऱ्या आंटी चहाचा कप खाली ठेवून, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "आहे."

मी पुढचं नाव घेतलं.